हाताचे ज्ञान आणि त्याचे हस्तांतर : युरोपातील हृदयधमनी-उपचारतज्ज्ञांचे प्रशिक्षण व सहकार्य, हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. पाच तालुक्यांचा व प्रामुख्याने शेतीवर जगणारा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार इतकी आहे. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या गावात पहाटे कोणाच्या छातीत कळ आली आणि अंगाला दरदरून घाम फुटला, तर घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो पित्ताचा. ओवा, सोडा, लिंबूपाणी यांत तास-दीड तास जातो. उजाडल्यावर गावातील डॉक्टर, मग तालुक्याचे रुग्णालय, मग हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आणि तेथून सुमारे ८५ ते ९० किलोमीटरवरील नांदेड, अशी रुग्णाची वाट बहुधा असते. हृदयाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी या सर्व काळात तेथेच असते आणि तिच्या पलीकडील हृदयस्नायू मिनिटागणिक मरत असतो.

अशा प्रसंगी धमनीत नळी घालून अडथळा दूर करण्याचा जो उपचार आहे, तो आता खेड्यातील माणसालाही नावाने ठाऊक झाला आहे. ‘अँजिओप्लास्टी केली’, ‘स्टेंट टाकला’ ही वाक्ये पारावर ऐकू येतात. त्याच्या खर्चाचा प्रश्न पूर्ण सुटला नसला तरी पुष्कळ सौम्य झाला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचा नांदेड जिल्हा होता, हिंगोली नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरविली. पैशाची अडचण अशी थोडीफार दूर झाल्यावर जे शिल्लक राहते ते म्हणजे वेळ आणि प्रशिक्षित माणूस. प्रस्तुत लेख या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

हा उपचार युरोपात, स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी १९७७ मध्ये जन्मास आला. एका माणसाच्या बोटांत असलेले कौशल्य पुढील तीस-चाळीस वर्षांत सबंध खंडाच्या आणि नंतर जगाच्या हाती कसे गेले, हा वैद्यकाइतकाच अध्यापनशास्त्राचाही विषय आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा पदवीधर नाही. ज्ञानाचे हस्तांतर कसे होते या प्रश्नात रस असलेला एक अध्यापक, एवढ्याच नात्याने या इतिहासाकडे पाहिले आहे.

उपचाराचे स्वरूप

हृदयाला स्वतःचा रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्या महाधमनीच्या मुळाशी फुटतात. मुख्य धमनीची रुंदी साधारण ३ ते ४ मिलिमीटर. तिच्या आतील थरात मेदाचा थर साचून ती अरुंद होते. तो थर फाटून त्यावर गुठळी धरली की रक्तप्रवाह थांबतो आणि ज्यास आपण झटका म्हणतो तो येतो. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून एक पोकळ नळी हृदयापर्यंत नेली जाते. त्या नळीतून ०.०१४ इंच जाडीची तार अडथळ्यापलीकडे सरकवतात. तारेवरून एक बारीक फुगा नेऊन तो दाबाने फुगवितात आणि धमनी पुन्हा बंद होऊ नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, तेथे बसवितात. या शाखेस मराठीत हस्तक्षेपी हृदयरोगशास्त्र असे जड नाव आहे.

वाचताना हे सोपे वाटते. परंतु धमनी क्ष-किरणांत दिसत नाही. तीत टोचलेल्या रंजकद्रव्याची सावली तेवढी काही क्षण दिसते आणि विरून जाते. हृदय धडकत असते, त्यामुळे सावलीही हलत असते. पडदा सपाट आहे, धमनी मात्र पुढे-मागे वळलेली आहे. तारेचे टोक मऊ अडथळ्यात आहे, कठीण चुन्याच्या थरावर टेकले आहे की धमनीच्या भिंतीत शिरू पाहत आहे, हे पुष्कळदा बोटांना जाणवणाऱ्या प्रतिकारावरूनच ओळखावे लागते. चूक झाली तर धमनी फाटते किंवा बंद पडते, आणि ती निस्तरण्यास काही मिनिटेच मिळतात. हे ज्ञान शोधनिबंध वाचून येणे शक्य नाही. विहीर बांधणाऱ्या गवंड्याचे किंवा तबलजीचे ज्ञान ज्या जातीचे, त्याच जातीचे हेही ज्ञान आहे. ते गुरूच्या शेजारी उभे राहूनच मिळते. मग गुरू एक आणि शिष्य हजारो, खंडभर विखुरलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे असतील तर काय करावे, हा खरा प्रश्न होता.

एकट्याचे धाडस

झुरिकच्या आधी एक कथा सांगणे आवश्यक आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड या लहान गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी नळी स्वतःच्या दंडातील शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात चालत जाऊन त्याचे छायाचित्र घेतले. जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेता येते हे सिद्ध झाले. पण फोर्समानला शिष्य लाभले नाहीत आणि वरिष्ठांकडून टीकाच वाट्यास आली. पुढे तो मूत्रविकारांकडे वळला. त्याच्या तंत्राचा पद्धतशीर उपयोग न्यूयॉर्क येथे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात केला. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. म्हणजे ज्याने वाट दाखविली त्याच्या देशात ती वाट बरीच वर्षे ओस पडली होती.

महाराष्ट्रातही याच जातीचे एक उदाहरण आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता आणि शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची औषधे अपुरी होती. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली येथे भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले. मधल्या २६ वर्षांच्या पोकळीचे कारण सेन यांच्या हातातील उणीव हे खचितच नव्हते. पराक्रमाची परंपरा होण्यास जे लागते ते भोवती नव्हते.

झुरिकची प्रात्यक्षिके

आंद्रेआस ग्रुंटझिग हा १९३९ मध्ये ड्रेस्डेन येथे जन्मलेला जर्मन डॉक्टर. अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची अरुंद धमनी नळीने रुंद करून दाखविली होती, परंतु त्यांच्याच देशात त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. ती कल्पना युरोपात रुजली. ग्रुंटझिगने झुरिकमधील आपल्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्नी व सहकाऱ्यांच्या मदतीने फुग्याच्या नळ्या तयार केल्या, १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात जागृत रुग्णाच्या हृदयधमनीत तो फुगवून अडथळा दूर केला. त्या रुग्णालयातील शस्त्रक्रियाप्रमुख ओके सेनिंग हे मूळचे स्वीडनचे. फुग्याचा प्रयोग यशस्वी झाला तर त्यांच्याच शस्त्रक्रियांची संख्या घटणार होती. तरीही त्यांनी प्रयोगास पाठबळ दिले. या औदार्याची नोंद व्हावयास हवी.

१९७८ पासून ग्रुंटझिगने झुरिक येथे प्रात्यक्षिक-वर्ग सुरू केले. शस्त्रक्रिया-कक्षात तो प्रत्यक्ष रुग्णावर उपचार करी आणि दूरचित्रवाणीच्या बंद जोडणीने ते दृश्य व्याख्यानगृहात जमलेल्या डॉक्टरांना दिसे. काम चालू असतानाच प्रश्न विचारले जात आणि उत्तरे दिली जात. उपचार फसला तर तेही सर्वांसमक्षच फसे. शिवाय ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे त्यांनाच नळ्या मिळाव्यात, असा आग्रह त्याने उत्पादक कंपनीपाशी धरला होता. साधनाच्या विक्रीस शिक्षणाची अट घालणारा संशोधक विरळाच म्हणावा लागेल.

१९७९ मध्ये त्याने पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३२ रुग्णांत तंत्र यशस्वी झाले होते. उरलेले १८ त्याने लपविले नाहीत. १९८० मध्ये तो अमेरिकेतील अटलांटा येथे गेला आणि तेथेही वर्ग चालू ठेवले. ऑक्टोबर १९८५ मध्ये विमान-अपघातात वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. फोर्समानच्या कथेशी तुलना केली असता फरक येथे दिसतो. ग्रुंटझिग गेल्यावर तंत्र थांबले नाही, कारण तोपर्यंत ते शेकडो हातांत गेले होते.

थेट प्रात्यक्षिकाच्या या प्रथेवर आक्षेपही आहेत. प्रेक्षक पाहत असताना चिकित्सकाचे लक्ष विभागते काय? टेबलावरील माणूस हा शिक्षणाचे साधन ठरतो काय? त्याची संमती कितपत मोकळी असते? हे आक्षेप किरकोळ नाहीत, आणि रुग्णाच्या हिताचा निर्णय प्रेक्षागृहातील चर्चेवर सोपवू नये असे अनेक ज्येष्ठांचे मत आहे. व्यक्तिशः मला असे वाटते, की आधी चित्रित केलेले आणि कापून सुबक केलेले प्रात्यक्षिक रुग्णासाठी अधिक निर्धोक असले तरी त्यात शिकणाऱ्याच्या पदरी फक्त यश पडते, आणि अडचणीत सापडलेला गुरू कसा विचार करतो हे पाहण्याची संधी जाते. आपल्या उद्बोधन व उजळणी वर्गांत बसलेल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्या वर्गांत किती व्याख्याते आपला फसलेला वर्ग आपणांपुढे मांडतात?

अपयशाची सामायिक नोंद

फुग्याने उघडलेली धमनी काही रुग्णांत लगेच मिटे, काहींत काही महिन्यांनी पुन्हा अरुंद होई. यावर उपाय म्हणून धातूची जाळी पुढे आली. २८ मार्च १९८६ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल यांनी हृदयधमनीत पहिला स्टेंट बसविला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिक सिगवार्ट यांनीही तो वापरण्यास सुरुवात केली. दोन देशांतील या दोघांनी १९८७ मध्ये आपला अनुभव एकाच निबंधात प्रसिद्ध केला. पहिला मान कोणाचा, यावर भांडण्यास दोघांनाही पुरेपूर वाव होता.

यापुढचा भाग मला सर्वांत बोधक वाटतो. स्टेंट वापरणाऱ्या युरोपातील सहा केंद्रांनी आपल्या रुग्णांची माहिती एकत्र केली आणि रॉटरडॅमच्या पॅट्रिक सेरुइस यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०५ रुग्णांपैकी २५ जणांचे, म्हणजे २४ टक्क्यांचे, स्टेंट पूर्ण बंद पडल्याचे आढळले. कोणत्याही एका केंद्राने आपले पंधरा-वीस रुग्ण मोजले असते तर हे नशिबाचे खेळ म्हणून सोडून देता आले असते. आकडे एकत्र येताच तो भ्रम राहिला नाही. ज्यांनी हे साधन आणले त्यांनीच त्याचा दोष जगासमोर ठेवला, आणि त्यामुळेच पुढील शोध योग्य दिशेने गेला. मिलानच्या अंतोनियो कोलंबो यांनी १९९५ मध्ये दाखविले, की स्टेंट धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी तपासून जास्त दाबाने नीट बसविला आणि रक्तकणिका चिकटू न देणारी औषधे दिली तर त्या काळी दिले जाणारे, रक्तस्राव घडविणारे तीव्र उपचार टाळता येतात. तत्पूर्वी १९९४ मध्ये बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या पुढाकाराने झालेल्या ५२० रुग्णांच्या चाचणीने निव्वळ फुग्यापेक्षा स्टेंट सरस असल्याचे दाखवून दिले होते.

नोंद ठेवण्याची ही शिस्त स्वीडनने पुढे टोकास नेली. तेथील निरनिराळ्या हृदयरोग-नोंदवह्या २००९ मध्ये एकत्र करून राष्ट्रीय नोंदवही सिद्ध झाली. झटका आलेल्या धमनीतून गुठळी ओढून काढावी की नाही, हा प्रश्न या नोंदवहीच्या आधारेच ७,२४४ रुग्णांत तपासण्यात आला, आणि २०१३ मध्ये उत्तर मिळाले की तसे केल्याने महिन्याभरातील मृत्यू कमी होत नाहीत. दिसण्यास अत्यंत तर्कशुद्ध असलेली ही क्रिया त्यानंतर नित्यक्रमातून मागे पडली.

संस्थारूप सहकार्य

झुरिकची प्रथा युरोपात ज्या गावांनी पुढे चालविली त्यांत तुलूझ अग्रभागी होते. तेथे ज्याँ मार्को यांनी सुरू केलेला वार्षिक वर्ग पुढे पॅरिसला गेला आणि ‘युरोपीसीआर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २००५ मध्ये ‘युरोइंटरव्हेन्शन’ हे नियतकालिक निघाले. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या छत्राखाली हस्तक्षेपी तज्ज्ञांची स्वतंत्र संघटना २००६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच सुमारास प्रशिक्षणाचा समान अभ्यासक्रमही आखला गेला. ब्रिटनमधील तज्ज्ञांची संस्था तर १९८८ पासून काम करीत होती.

समान अभ्यासक्रम आखणे हे दिसते तितके सोपे नव्हते. प्रत्येक देशाचा वैद्यक-कायदा वेगळा, पदव्यांची नावे वेगळी, रुग्णालयांची मालकी वेगळी. आरंभी भर होता तो संख्येवर : शिकणाऱ्याने इतके उपचार पाहावेत, इतक्यांत साहाय्य करावे, इतके स्वतः करावेत. अलीकडील अभ्यासक्रमांत विचार बदलला आहे. एखादे काम शिकणाऱ्यावर देखरेखीशिवाय विश्वासाने सोपविता येईल काय, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. शंभर उपचार करूनही हा विश्वास निर्माण होत नसेल तर शंभर या आकड्यास अर्थ नाही.

कौशल्य एका देशातून दुसऱ्या देशात कसे पसरते याचे उदाहरण म्हणून मनगटाच्या मार्गाकडे पाहता येईल. पूर्वी नळी जांघेतून घालीत आणि रुग्णास नंतर कित्येक तास उताणे पडून राहावे लागे. कॅनडात लुसिएँ कँपो यांनी मनगटातून तपासणी करून दाखविली होती. ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनेई यांनी १९९२ मध्ये त्याच मार्गाने फुग्याचा उपचार केला. मनगटाची धमनी बारीक व आकुंचन पावणारी, त्यामुळे जांघेत निष्णात झालेल्यांना पुन्हा शिकाऊ व्हावे लागले. पन्नाशीच्या प्राध्यापकाने नवशिक्याच्या रांगेत उभे राहणे कोणत्याही खंडात सोपे नसते. इटलीच्या पुढाकाराने झालेल्या ८,४०४ रुग्णांच्या चाचणीने २०१५ मध्ये मनगटाच्या मार्गाने रक्तस्राव कमी होतो हे दाखविले आणि तो मार्ग प्रथम पसंतीचा ठरला.

या सहकार्याची एक काळजी करण्याजोगी बाजूही आहे. परिषदांचा मोठा खर्च दीर्घकाळ स्टेंट बनविणाऱ्या कंपन्यांनी उचलला. ज्याने शिकावयाचे त्याचे भाडे, निवास व भोजन विकणाऱ्याने द्यावे, या व्यवस्थेत शिक्षण आणि जाहिरात यांतील सीमारेषा पुसट होते. युरोपातील उपकरण-उत्पादकांच्या संघटनेने १ जानेवारी २०१८ पासून एकेकट्या डॉक्टरास परिषदेसाठी थेट पैसे देणे आपल्या आचारसंहितेने बंद केले. हे पाऊल उशिराने पडले, तरी पडले.

भारताकडे आलेला प्रवाह

भारतात अँजिओप्लास्टीचा पाया घालणारे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल हे अटलांटा येथे ग्रुंटझिगच्या हाताखाली शिकले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास चेन्नई येथे काम करू लागले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. झुरिकचा धागा असा एका पिढीत आपल्यापर्यंत पोहोचला.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे मात्र नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद होण्याचा विकार युरोपात जवळजवळ नाहीसा झाला असताना भारतात तो तरुण स्त्री-पुरुषांत सर्रास आढळे. अशी झडप फुग्याने उघडता येते, पण फुगा महाग. फ्रान्समधील रूआँ येथील ॲलँ क्रिबिए यांनी निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरता येईल असे धातूचे साधन तयार केले आणि त्याच्या पहिल्या १५३ रुग्णांचा वृत्तान्त १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या लेखकांत भारतीय हृदयरोगतज्ज्ञ होते. याच क्रिबिए यांनी २००२ मध्ये छाती न उघडता नळीच्या साहाय्याने महाधमनीची कृत्रिम झडप बसविण्याचा पहिला उपचार केला.

पहिल्या डॉक्टरचे प्रशिक्षण

येथवरचा सर्व इतिहास हा नळी हाती धरणाऱ्या तज्ज्ञांचा आहे. हिंगोलीच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा अध्याय यानंतर सुरू होतो.

युरोपातील ३० देशांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र झटका आलेल्या रुग्णांपैकी किती जणांना तातडीची अँजिओप्लास्टी मिळते, याचे प्रमाण देशागणिक ५ टक्क्यांपासून ९२ टक्क्यांपर्यंत बदलत होते. तज्ज्ञ, परिषदा, अभ्यासक्रम सारे असूनही ही दरी होती. चेक प्रजासत्ताकासारखा फारसा श्रीमंत नसलेला देश यादीत वर होता, कारण तेथे रुग्णवाहिका जवळच्या रुग्णालयात न थांबता थेट उपचारकेंद्राकडे जाण्याची पद्धत बसविली गेली होती. ‘स्टेंट फॉर लाइफ’ हा उपक्रम याच निरीक्षणातून उभा राहिला. बल्गेरिया, फ्रान्स, ग्रीस, सर्बिया, स्पेन व तुर्कस्तान हे सहा देश २००९ मध्ये त्यात सहभागी झाले. त्याचा भर नवी नळी शिकविण्यावर नव्हता. रुग्णवाहिकेतील कर्मचारी, तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर, दूरध्वनी घेणारा चालक आणि आरोग्य खात्याचा अधिकारी यांना एका साखळीत बांधणे हे त्याचे काम होते.

तरीही दूरच्या रुग्णाचे काय? त्याचे उत्तर बेल्जियममधील लूव्हाँ येथील फ्रान्स व्हान द वेर्फ आणि कॅनडातील सहकारी यांनी केलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दिले. तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ शकत नव्हती अशा १,८९२ रुग्णांपैकी निम्म्यांना गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेज हे औषध शिरेतून देऊन नंतर मोठ्या केंद्रात हलविले, निम्म्यांना थेट हलविले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की महिनाभरानंतरचे परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. औषधाच्या गटात मेंदूतील रक्तस्राव किंचित अधिक होता, म्हणून पंचाहत्तरीपुढील रुग्णांची मात्रा चाचणी चालू असतानाच निम्मी करण्यात आली.

युरोपीय मार्गदर्शक सूचना आता असे सांगतात : वैद्यकीय व्यक्तीच्या पहिल्या भेटीपासून १० मिनिटांत ईसीजी काढावा, निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल तर गुठळी विरघळविणारे औषध १० मिनिटांत द्यावे, मग रुग्णास केंद्राकडे हलवावे. औषधाने धमनी उघडल्याची चिन्हे दिसत नसतील तर पोहोचताच, अन्यथा २ ते २४ तासांत, अँजिओग्राफी करावी.

या आकड्यांवर हिंगोलीचा नकाशा ठेवून पाहावा. सेनगाव वा कळमनुरीच्या गावातून निघालेला रुग्ण, रुग्णवाहिकेची प्रतीक्षा, जिल्हा रुग्णालयातील थांबा, नांदेडचा रस्ता आणि तेथे शस्त्रक्रिया-कक्ष सज्ज होण्याचा अवधी यांची बेरीज १२० मिनिटांत क्वचितच बसेल. अर्थात हस्तक्षेपी तज्ज्ञांच्या स्वतःच्याच नियमानुसार हिंगोलीतील बहुतेक रुग्णांचा पहिला उपचार नांदेडला नाही, तो तालुक्याच्या रुग्णालयात व्हावयास हवा, आणि तो करणारा डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ असणार नाही. वसमतला किंवा औंढ्याला रात्रपाळीवर असलेल्या त्या डॉक्टरास ईसीजीवरील रेषा उचललेली आहे हे ओळखता आले पाहिजे, कोणास हे औषध देऊ नये याची यादी तोंडपाठ हवी, औषध कपाटात हवे आणि शंका आल्यास ईसीजीचे छायाचित्र पाहून लगेच उत्तर देणारा तज्ज्ञ दूरध्वनीच्या पलीकडे हवा.

हे भारतात अशक्य नाही. तामिळनाडूत चार समूहांत मोठी व लहान रुग्णालये जोडून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यात २०१८ च्या अखेरीस बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून राज्यातील लहान आरोग्यकेंद्रे जोडण्यात आली. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही काही जिल्ह्यांत असा प्रकल्प राबविला. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू आहे. युरोपात अनेक ठिकाणी हे काम डॉक्टरेतर कर्मचारी करतात.

जिल्ह्यातील शक्यता

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. अमेरिकेतील दोन वेधशाळांशी ती जोडली जाईल. एकच लहर दूरदूरच्या ठिकाणी मोजली तरच तिचा उगम आकाशात कोठे आहे हे नेमके सांगता येते, म्हणून हा खटाटोप. दूरच्या केंद्रांनी आपली मोजमापे एकमेकांस दाखविण्याची रीत अशी या जिल्ह्यात भौतिकशास्त्राच्या वाटेने येत आहे. रुग्णालयांनी हे करण्यास एवढा खर्च लागत नाही. रुग्ण किती वाजता आला, ईसीजी किती वाजता निघाला, औषध किती वाजता दिले आणि पुढे काय झाले, या चार नोंदी जिल्ह्यातील सर्व शासकीय रुग्णालयांनी एकाच नमुन्यात ठेवल्या आणि तीन महिन्यांतून एकदा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांसमवेत उघडपणे वाचल्या, तर झुरिकच्या वर्गाचा गाभा येथे उतरेल. त्या बैठकीत दगावलेल्या रुग्णांची चर्चा शिक्षेच्या भीतीवाचून होऊ शकेल काय, यावर बरेच अवलंबून राहील. आपल्याकडे चौकशी आणि अभ्यास हे दोन शब्द फार लवकर एकमेकांत मिसळतात.

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पाहता त्याची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास आंतरवासितेसाठी बाहेर पडेल, आणि त्यांतील काही जणांची पहिली रात्रपाळी याच पाच तालुक्यांतील रुग्णालयांत असेल.